प्रमिलाकाकूंची हजेरी

वझलवारांच्या प्रमिलाकाकू रोपांची हजेरी घेत. हे मी अलंकारिक बोलत नाही. प्लास्टिकच्या कपात एक बी, कपावर चिकटपट्टी, पट्टीवर तुकडी आणि रोल नंबर. रोज सकाळी चहाच्या आधी त्या चष्मा लावून तळघरात उतरत आणि एकेक कप उचलून नंबर पुकारत. बी उगवून आलं असेल तर "हजर". नसेल तर "गैरहजर", आणि तीन दिवस गैरहजर राहिलं की नाव कमी. साठी ओलांडलेली बाई अमेरिकेतल्या ट्रॉय गावात, आपल्या घरात, बाहेर उणे बारा तापमान असताना, पायात लोकरीचे मोजे घालून हे मोठ्याने करत असे. वरून वझलवारकाका ओरडायचे, "कॉलेज सुटलं का? चहा कोण करणार?"

नागपूरच्या एका कॉलेजात त्यांनी सहा वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. लग्नानंतर काकांबरोबर मिशिगनला आल्या आणि ती नोकरी परत कधी मिळाली नाही. काका गाड्यांचे ब्रेक तपासणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. काकूंनी जवळच्या एका नर्सरीत बावीस वर्षं काढली, आधी कुंड्या उचलायच्या, मग रोपं वाढवायच्या विभागात. मूलबाळ नव्हतं. आमच्या घरापासून त्यांचं घर चालत सात मिनिटांवर. मी पुण्याचा, अठ्ठ्याण्णव साली प्रोग्रामर म्हणून आलेला. मला मोजायची सवय आहे, म्हणून काका मला 'ऑडिटर' म्हणत.

काकूंचं संक्रांतीचं हळदीकुंकू गावात प्रसिद्ध होतं, कारण त्या वाण म्हणून रोप देत. "डबे सगळ्यांकडे आहेत," त्या म्हणायच्या. "डबा काय वाढतो का?" त्यासाठी डिसेंबरात तळघरात तंबू उभा राही. प्लंबिंगच्या पांढऱ्या नळ्यांचा सांगाडा, बाहेरून काळं प्लास्टिक, आतून ट्रेकिंगला नेतात ती चंदेरी चादर, आणि पुढे जुन्या स्लीपिंग बॅगची उसवून लावलेली चेन. आत ट्यूबलाइट, एक छोटा पंखा, आणि ट्रेखाली काकांचं कंबर शेकायचं पॅड. ते पॅड गेल्याबद्दल काकांची तक्रार कायमची होती. काकू म्हणत, "तुमची कंबर उगवणार नाही, हे उगवतील."

कप हातात घेऊन वजनावरूनच पाणी हवं की नको हे त्या सांगत. मी एकदा विचारलं, किती ग्रॅमला पाणी घालायचं? त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अरे, पोराला कडेवर घेतलं की त्याचं पोट भरलंय का कळते ना? तराजू लागतो का तिथे?" जास्त पाण्याचा त्यांना भयंकर राग होता. "थोडी तहान लागू दे. मूळ खाली जाते मग शोधायला." पंखाही त्यासाठीच. वारा लागला नाही तर देठ लांबतो आणि मान टाकतो, म्हणून रोपांना रोज जरा हलवायचं.

दोन हजार पाचच्या सप्टेंबरात काकांच्या स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली. एकाहत्तर किलोचा माणूस डिसेंबरात अठ्ठावन्नावर आला. वेदना सहन होत होत्या, अन्न सहन होत नव्हतं. उलटी थांबवायची गोळीच उलटून पडे. काकूंनी वहीत लिहायला सुरुवात केली होती: काय दिलं, किती गेलं, किती राहिलं. शेवटच्या रकान्यात बहुतेक दिवशी शून्य असे. त्याआधीच्या तीस वर्षांत काकांनी त्यांच्या हातच्या वडाभातावर कधी शून्य ठेवलं नव्हतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काकांना चार दिवस हॉस्पिटलात ठेवलं. आपल्या लोकांत अशा वेळी किल्ली एका घरी जाते. घर तापवणारी फर्नेस चालू आहे ना बघायचं, पत्रं उचलायची, तुळशीला पाणी घालायचं. काकू किल्ली द्यायला आल्या तेव्हा मंजिरी, माझी बायको, कामावर होती. काकू बूट न काढता दारातच उभ्या राहिल्या.

"अनिल, तंबूत दोन ट्रे आहेत. पुढे 'अ' तुकडी, झेंडू. मागे पडद्याआड 'ब' तुकडी. ती गांजाची."

मला वाटलं, काही तरी चुकीचं ऐकलं.

"गांजा रे बाप्पा. दहा लावले, चौथा नंबर तेवढा गैरहजर, नऊ आहेत. माझ्या नर्सरीतल्या डोनाने बिया दिल्या. तिच्या नवऱ्याला त्याने जेवण जाऊन राहिलं होतं शेवटी. आमच्या नर्सनेही सांगितलं, कानात."

आमच्या ग्रीन कार्डचा अर्ज शेवटच्या टप्प्यात होता. आठ वर्षं झाली होती. मुलगी नववीत होती. मी म्हणालो, "काकू, आमचं सगळं पेंडिंग आहे. नुसतं नाव आलं तरी आम्हाला उचलून परत पाठवतील."

"माहीत आहे. म्हणून तर सांगून राहिली. न सांगता किल्ली दिली असती तर ती फसवणूक झाली असती." त्यांनी किल्ली पुढे केली नाही, मुठीतच ठेवली. "तू नाही म्हण. मी रागावणार नाही. दुसऱ्या कोणाला विचारीन. पण त्यालाही सांगावं लागेल."

मी हिशेब केला. त्या क्षणी ही गोष्ट काका, काकू, डोना आणि मी अशा चौघांना माहीत होती. नर्सला अंदाज असेल. मी नाही म्हटलं तर पाचवा माणूस येणार, आणि तो कोण असेल ते माझ्या हातात नाही. मी हात पुढे केला. यात धैर्य नव्हतं, हे स्पष्ट सांगतो. मंजिरीला सांगायचं नाही हेही तिथेच ठरवलं. तिला माहीत नसेल तर तिच्यावर काही येणार नाही, असं माझं गणित होतं.

चार दिवस मी त्या घरी गेलो. जाताना गाडी त्यांच्या दारात लावायची की नाही यावर रोज विचार करायचो. लावली तर नंबर दिसतो, चालत गेलो तर बर्फात पावलं दिसतात. तळघरातली चेन ओढली की तो जांभळट-पांढरा उजेड अंगावर यायचा आणि खिडकीवर काळा कागद लावलेला असूनही मी मागे वळून बघायचो. रोपं दोन-अडीच इंचांची होती. आधीची दोन गोल गुळगुळीत पानं, त्यावर करवतीसारख्या कडांची दुसरी जोडी. नऊ निष्पाप कप. पुढे झेंडू होता चोवीस कप. घाईत, भीतीत, मी कप उचलून न बघताच पाणी घालत गेलो. चौथ्या दिवशी झेंडूच्या सहा रोपांनी जमिनीलगत मान टाकली होती.

कायद्यात नक्की काय आहे ते बघायला मी लायब्ररीत गेलो, कारण ऑफिसच्या किंवा घरच्या कॉम्प्युटरवर तो शब्द टाइप करायची हिंमत नव्हती. उभ्यानेच पुस्तक वाचलं. मला वाटलं होतं त्याहून वाईट होतं. पुस्तक परत ठेवताना मुद्दाम दुसऱ्याच कपाटात ठेवलं. असं मी आयुष्यात एकदाच केलं आहे.

काकू परत आल्या. मेलेली सहा रोपं बघून एवढंच म्हणाल्या, "पाणी भीतीने घातलंस." मग 'ब' तुकडीची हजेरी घेतली. नऊ.

त्या वर्षी हळदीकुंकू करू नका, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. काकांनीच हट्ट धरला. आरामखुर्चीत ब्लँकेट घेऊन बसले होते. म्हणाले, "करू दे तिला. पुढच्या वर्षी तिला कोण बोलवेल?" काकूंनी हिरवी साडी नेसली, केसांत नर्सरीतलं एक फूल घातलं, आणि शनिवारी दुपारी घर बायकांनी भरून गेलं. आम्ही नवरे मंडळी काकांभोवती चहा पीत बसलो. मंजिरी मदतीला होती. वाणाचे कप तळघरातून वर आणायचं काम तिच्याकडे होतं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास सगळे गेल्यावर मी रिकामा ट्रे तंबूत ठेवायला खाली गेलो. चेन ओढली. मागचा पडदा सरकलेला होता. मोजले, सहा. पुन्हा मोजले. खाली वाकून तिसऱ्यांदा मोजले, एखादा कप पडला असेल म्हणून. दोन, सात आणि दहा नंबर नव्हते.

घरी येऊन मी मंजिरीला शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

"अरे, बायका एकवीस आणि झेंडू अठराच. मग मागे 'ब' लिहिलेले होते ना, त्यातले तीन घेतले. सेकंड बॅच असेल म्हटलं. पानं सेमच होती. का रे?"

मी सांगितलं. ती भाजी ढवळत होती. तिने गॅस बंद केला आणि ओट्याला पाठ लावून उभी राहिली.

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"तुझ्यावर येऊ नये म्हणून—"

"आता आलं ना? माझ्या हाताने वाटलेत मी ते. हळदीकुंकू लावून वाटलेत."

उशिरा आलेल्या शेवटच्या तिघींना ते कप गेले होते, हे तिला पक्कं आठवत होतं. तिघींच्या घरी तात्पुरते व्हिसा होते. माझ्या एका घराची भीती आता चार घरांची झाली होती, आणि त्या तीन घरांना ती माहीतही नव्हती.

रविवारी काकू स्वतः आमच्याबरोबर आल्या. "रोपाला कीड लागली आहे, बदलून देते" असं सांगायचं ठरलं होतं, आणि बदल्यात द्यायला त्यांनी नर्सरीतून झेंडू आणला होता. पहिल्या घरी दोन मिनिटांत काम झालं. दुसऱ्या घरी 'ब-७' देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला होता. कपाला हळदीकुंकवाची बोटं, समोर उदबत्ती. "इतकं छान वाढतंय काकू, कीड कुठे दिसतेय?" ती बाई म्हणाली. काकूंनी कप उचलला. "सुरुवातीला दिसत नाही गं." बाहेर आल्यावर मंजिरी गाडीत हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

तिसरी मृणाल. ती रविवारी घरी नव्हती, फोन घेतला नाही. सोमवारी सकाळी नऊला लागला. मंजिरीने फोन स्पीकरवर ठेवला होता.

"काकूंचं रोप? अगं, रिया स्कूलला घेऊन गेली. आज तिचं शो अँड टेल आहे. म्हणे, मम्मा, आय वाँट टु टेक माय बेबी प्लँट. का गं?"

रिया, तिची मुलगी, पहिलीत होती; शो अँड टेलला मुलं घरून आवडीची वस्तू आणून सगळ्या वर्गाला दाखवतात.

मी ऑफिसला आजारी आहे म्हणून कळवलं. ते खोटंही नव्हतं. मंजिरी काकांजवळ थांबली आणि मी काकूंना घेऊन निघालो. त्यांच्या मांडीवर झेंडूचा कप होता, नर्सरीतून आणलेल्यांतला, सगळ्यांत चांगला. रस्त्यावर बर्फ होता. मी काही बोलायला लागलो की त्या म्हणत, "समोर पहा." शाळेच्या दारासमोर पोलिसांची गाडी उभी होती.

"काकू, परत जाऊ या."

"तो दर सोमवारी असतो. बावीस वर्षं याच रस्त्याने कामावर गेली मी." त्यांनी शालीवरून कोट घातला. "तू इथेच बस. तुझं तोंड पाहिलं तर कोणीही तपासणी करेल."

त्या गेल्या. मी घड्याळ बघत बसलो. पाच मिनिटांत यायला हव्या होत्या. दहा झाली. पंधरा झाली. पोलीस गाडीतून उतरून शाळेत गेला. त्या वेळी मी काय काय ठरवलं ते सांगायची लाज वाटते. कोणी विचारलंच तर मी फक्त ड्रायव्हर आहे, आत काय आहे मला माहीत नाही, हे वाक्य मी इंग्रजीत जुळवलं आणि मनात दोनदा म्हणून पाहिलं.

तेविसाव्या मिनिटाला दार उघडलं. दार पोलिसाने धरलं होतं. काकू बाहेर आल्या. 'ब-१०' त्यांच्या हातात होता, कोटाखाली नाही, पिशवीत नाही, उघड्या हातात.

"नाइस प्लँट, मॅम," तो म्हणाला. "वॉच द आइस."

"थँक यू. इट इज सिक," काकू म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर त्यांनी सांगितलं की शिक्षिकेला रोप आजारी आहे हे पटलं, पण तिने विचारलं, तुम्ही शिक्षिका होता का? मुलांना दोन शब्द सांगाल का? "मग सांगितले. बीज, मूळ, खोड. सव्वीस पोरं होती. एकाने विचारलं, झाडाला भीती वाटते का? मी म्हटलं, माहीत नाही." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "अनिल, हीटर वाढव." हीटर पूर्ण होता. मी बाजूला पाहिलं तर त्यांच्या हातातला कप इतका थरथरत होता की माती त्यांच्या मांडीवर सांडली होती. तोपर्यंत मला वाटत होतं, की भीती फक्त मलाच वाटते.

'आता हे बंद करा' हे वाक्य मी रविवारपासून तयार ठेवलं होतं. ते मला बोलावं लागलं नाही. त्यांच्या गल्लीत वळताना काकू म्हणाल्या, "आज काढून टाकू."

"हो," मी म्हणालो. ते फार पटकन म्हणालो. एखादा क्षण तरी थांबायला हवं होतं.

तळघरात त्यांनी तिन्ही कप ट्रेमध्ये आपापल्या जागी ठेवले. छोटी कात्री घेतली. मग मला म्हणाल्या, "हजेरी तू घे. माझ्याने होणार नाही."

मी नंबर पुकारले. एक. दोन. तीन. चार नव्हता, पाच. प्रत्येक नंबरला त्या "हजर" म्हणत आणि मातीलगत देठ कापत. झाडाचा हिरवा वास येत होता, बाकी काही नाही. दहापर्यंत गेलो. त्यांनी सगळं एका वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि पंखा बंद केला.

वर आल्यावर काकांनी डोळे न उघडता विचारलं, "काय ऑडिटर, किती भरले?"

"नऊपैकी नऊ, काका."

"उत्तम. बायको जेलमध्ये गेली असती तर माझे जेवणाचे हाल झाले असते." आणि स्वतःच्याच विनोदाला हसले. त्या दिवशी वहीत सकाळपासून शून्य होतं. मंजिरीने मला ते पान दाखवलं नाही, पण मी पाहिलं.

पुढचं गणित मी एकट्याने केलेलं आहे. काकूंच्या अंदाजाने ती रोपं एप्रिलच्या मध्यावर कामाला आली असती. काका एप्रिलच्या सहा तारखेला गेले. म्हणजे रोपं ठेवली असती तरी आठ-दहा दिवस कमीच पडले असते. हे आठ-दहा दिवस मी स्वतःला अनेकदा मोजून दाखवले आहेत. त्याचा काही उपयोग होत नाही, कारण त्या सोमवारी, मी "हो" म्हणालो तेव्हा, हे दिवस कोणालाच माहीत नव्हते. पुढच्या वर्षी आमचं ग्रीन कार्ड आलं. त्याच्या पुढच्या वर्षी मिशिगनमध्ये मतदान झालं आणि आजारी माणसाला अशी बारा झाडं लावायची मुभा मिळाली. काकू तेव्हा नागपूरला बहिणीकडे होत्या. काका गेल्यावर दोन महिन्यांतच त्या तिकडे राहायला गेल्या, घर एजंटने परस्पर विकलं. काकांच्या अंत्यविधीला मी होतो, पण त्या गर्दीत काकूंचा चेहरा मला नीट दिसला नाही.

मी काकूंना शेवटचं पाहिलं ते मार्चमध्ये, असं मी धरतो. त्या सोमवारनंतर त्यांच्या घरात जायचं मी टाळत होतो. काही ना काही कारण सांगायचो. पण बर्फ पडला की त्यांचा ड्राइव्हवे साफ करायला जायचो, बेल न वाजवता. त्या सकाळी आठ इंच बर्फ होता. स्वयंपाकघराच्या खिडकीशी पोचलो तेव्हा आतला दिवा चालू होता. काका टेबलाशी ब्लँकेटमध्ये बसले होते, गळ्यात टॉवेल. काकू वाटीतून भाताची पेज भरवत होत्या. एक घास दिला की त्या थांबत, काकांच्या गळ्याकडे बघत, आणि मग दुसरा. काकांनी मान फिरवली. काकूंनी वाटी खाली ठेवली, तोंड पुसलं, आणि नुसत्याच बसून राहिल्या. काही झालं नाही. उलटी आली नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. मी फावडं धरून तसाच उभा होतो.

मग काकूंचं लक्ष खिडकीकडे गेलं. मला वाटलं, त्या नजर वळवतील. त्यांनी काचेशी येऊन हात वर केला आणि मला चार बोटं दाखवली.

चार घास पोटात राहिले होते.

मी फावडं बर्फात रोवलं आणि दोन्ही हात वर केले, काय करतो आहे ते न कळून. त्या हसल्या आणि परत काकांकडे गेल्या.